हाताला धरून

"आबांनी कोर्टात एवढंच म्हणायचं," दारात चपला चढवता चढवता वकीलबाई म्हणाल्या, "की वय झालं, नजर अधू झाली, माणूस ओळखण्यात चूक झाली. पुढचं मी बघून घेते."

आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती. पिटूच्या आईनं, म्हणजे आबांच्या सुनेनं, तो कप उचलला, काय करायचं ते न सुचून पुन्हा तिथेच ठेवला. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत होते. कोचावर ते बसत नसत. हवालदार म्हणून अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या दारात उभं राहण्यात गेलेलं, त्यामुळे मुलाच्या घरातसुद्धा त्यांचा जीव उंबऱ्यापाशीच रमायचा.

"एवढंच ना?" आबा म्हणाले. "म्हणतो की. त्यात काय मोठंसं?"

कोचाच्या टोकाला बसलेल्या आत्यानं, म्हणजे आबांच्या मुलीनं, परवापासून पहिल्यांदाच वडिलांकडे मान वर करून पाहिलं.

"असं नाही म्हणायचं," पिटूचे बाबा म्हणाले. बाबा आत्याचे थोरले भाऊ. आणि याच शहराच्या पोलिसात इन्स्पेक्टर.

(आतल्या खोलीचं दार बंद आहे.)

*

दारापलीकडे भोंगा होता, आत्याचा मुलगा. तान्हेपणी तो रडायला लागला की पलीकडच्या गल्लीतले लोक घड्याळ बघायचे, कारखान्याची पाळी सुटली की काय म्हणून. तेव्हापासून भोंगा. मोठा होऊन तो रेल्वेचं इंजिन चालवायच्या परीक्षेत पास झाला, तेव्हा आबा म्हणाले होते, "घ्या. आता पगार घेऊन बोंबलेल." वैद्यकीय झाली, डोळे तपासले, सगळं झालं. राहिली होती फक्त पोलीस पडताळणी. पोलिसांच्या घरातला मुलगा, तिचं कोण टेन्शन घेणार?

काल तो जामिनावर सुटला. आत्याच्या चाळीत दारादारात माणसं उभी, म्हणून त्याला मामाकडे आणलं. आल्यापासून आतल्या खोलीत. जेवणाचं ताट आत जात होतं आणि जवळजवळ तसंच बाहेर येत होतं. उद्या कोर्टात त्याला विचारणार होते, गुन्हा कबूल की नाकबूल.

नाकबूल म्हटलं, तर त्याच्याविरुद्ध एकच धड पुरावा होता. आबा.

*

झालं होतं ते असं. सरकारी दवाखाना बंद करायचं ठरलं, म्हणून बाजारातून मोर्चा निघाला. मधल्या चौकात पोलिसांची रांग आडवी उभी राहिली. हेल्मेटं, तोंडावर काचेची झडप, ढाली. मागून रेटा आला, पुढून रेटा आला, आणि कुठूनसे दगड सुटले. त्यातला एक रांगेवरून उडून चष्मेवाल्याच्या दुकानाच्या दारावर बसला. काच खाली.

शहराच्या कंट्रोल रूममध्ये एक भिंतभर पडदे आहेत आणि त्या भिंतीसमोर पिटूची खुर्ची आहे. पिटू म्हणजे आबांची नात, इन्स्पेक्टरांची मुलगी, घरातली तिसरी पोलीस. त्या दिवशी तिला सांगण्यात आलं, कॅमेऱ्यांच्या व्हिडिओतून दगड मारणाऱ्यांचे तुकडे काप. तिनं कापले. त्यातल्या एका तुकड्यात तोंडाला फडकं बांधलेला एक मुलगा वाकतो, उचलतो, फेकतो, आणि पाठमोरा पळत जातो. पिटूनं तो मागेपुढे करून कितीदा पाहिला. चेहरा कुठेच मिळेना. "ओळखीचा असल्यास कळवा" असं खाली लिहून तिनं तो पुढे पाठवला आणि डबा खायला गेली.

संध्याकाळपर्यंत तो शहरातल्या सगळ्या फोनवर फिरला. बागेच्या कठड्यावर कुणीतरी आबांना दाखवला.

आबांनी तो एकदाच पाहिला. चेहरा त्यांना लागलाच नाही. त्यांनी नोकरी धरली, तेव्हा रस्त्यावर धड दिवे नव्हते. गस्तीत समोरून येणारा कोण, ते चालीवरून कळायला लागायचं. पळताना त्या मुलाची डावी टाच घासत होती. तशी टाच आबांनी आणखी एकाच माणसाची पाहिली होती, स्वतःच्या मुलीची. लहानपणी तिच्या चपला एका बाजूनंच झिजायच्या आणि त्यांनीच त्या चांभाराकडे न्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीच्या चाळीत गेले. भोंग्याला जिन्यात गाठलं. म्हणाले, "चल. पोलीस दारात यायच्या आधी आपण जाऊ. माफी मागू, काच भरून देऊ. तासाभरात परत येऊ." आणि त्याला हाताला धरून ठाण्यात घेऊन गेले.

इन्स्पेक्टर मुलाला फोन केला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबांना कशाला त्रास.

*

आबांच्या डोक्यात: आत शिरलं की डाव्या हाताला बाकडं. त्यावर दोघांनी बसायचं.

ठाण्यात: डाव्या हाताला काचेची खिडकी. आतून एक मुलगी म्हणाली, "टोकन घ्या काका."

आबांच्या डोक्यात: ड्यूटीवरचा जमादार भोंग्याला चार शिव्या घालेल. त्यातल्या दोन आबांनाही लागतील. लागू देत.

ठाण्यात: कुणी शिवी घातली नाही. सगळे अहो-जाहो करत होते. आबांना तेव्हाच धास्तावल्यासारखं झालं.

आबांच्या डोक्यात: चष्मेवाल्याला बोलावलं जाईल. तो पहिल्यांदा तणतणेल, मग म्हणेल, हवालदार, तुम्ही मध्ये आहात म्हणून.

ठाण्यात: चष्मेवाला खरंच आला. खरंच म्हणाला, "हवालदारांचा नातू आहे, माझी काही तक्रार नाही." त्याला सांगितलं गेलं, "तक्रार तुमची नाहीच, सरकारची आहे. तुम्ही जाऊ शकता."

आबांच्या डोक्यात: "हा माझा नातू. ह्यानंच मारला. मी ओळखला आणि मी आणला." असं बोलणं म्हणजे शब्द टाकणं. पोरगा माझा, पुढचा जिम्मा माझा.

ठाण्यात: असं बोलणं म्हणजे साक्ष. छताला कॅमेरा होता. समोरच्या मुलानं आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "पुन्हा एकदा सावकाश सांगा, आवाज नीट यायला हवा."

आबांनी पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.

*

"का नाही म्हणायचं?" आत्या म्हणाली.

"कारण ते बोललेत. दोनदा. आवाजासकट आहे ते. उद्या हे म्हणाले की नजर अधू, तर सरकारी वकील तिथल्या तिथे लावून दाखवतील. मग भोंग्याचं तर जाईलच, वर खोट्या साक्षीसाठी आबा."

"आबांना काय होणार आहे या वयात?"

"पिंजऱ्यात उभं करतील ना!"

"करू देत," आत्या म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

पिटूच्या आईनं कपबश्या गोळा करायला सुरुवात केली. या घरात आवाज चढले की ती भांडी उचलायला लागे, आणि म्हणून तिच्या माहेरी सगळे म्हणत, तुझ्या सासरची भांडी काय चकचकीत असतात.

"माझं ऐका," आबा म्हणाले. ते खुशीत नव्हते, पण कामाला लागले होते. परवापासून पहिल्यांदाच त्यांना करण्यासारखं काही मिळालं होतं. "मला कोण आत टाकतंय? आणि टाकलंच तर बरं की. तुमची नवी पद्धत तरी नीट शिकून येईन. टोकन कसं काढतात ते."

"आबा, चेष्टा नको."

"चेष्टा कुठे? मी आजवर खोटं बोललो नाही असं वाटतं का तुला? कितीतरी वेळा वरच्या साहेबाला सांगितलंय, मी पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. पोरं माझ्या मागे भिंतीला चिकटून उभी असायची. अभ्यासाला लागली ती. एक तर आता डॉक्टर आहे, माझं ब्लडप्रेशर बघतो आणि पैसे घेत नाही."

आत्या उठली. कोचावरून उठली ती सरळ दाराशी गेली आणि आबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याला पाठ लावून. परवापासून तिनं त्यांना पाणी विचारलं नव्हतं. आता बाप आणि मुलगी एका बाजूला झाले, आणि समोर इन्स्पेक्टर एकटे.

पिटू खिडकीच्या कट्ट्यावरून बघत होती. तिला तिथून सगळे दिसत. कुणाच्या बाजूला व्हावं, ते मात्र दिसत नव्हतं. बाबा म्हणत होते ते खरं होतं, तिला नोकरीमुळे ते बाबांपेक्षाही जास्त माहीत होतं: एकदा आत गेलेलं काही पुसलं जात नाही. पण आबांचा चेहरा किती दिवसांनी असा जागा झाला होता.

"दादा," आत्या म्हणाली, "तू कधी कुणासाठी एकदा तरी वाकलास का रे? आबा हवालदार होते, तर सगळी गल्ली त्यांची. तू साहेब झालास, तर गल्ली सोड, भाचासुद्धा तुझा नाही."

"मी वाकलो, की उद्या दुसऱ्या कुणाच्या भाच्यासाठी पण वाकायला लागतं. आणि ज्याला मामाच नाही, त्यानं काय करायचं?"

"भाषण नको."

"भाषण नाही गं. आबांची पोरं सुटली, कारण ती आबांच्या ओळखीची होती. दुसऱ्या गल्लीतून चुकून आलेल्या पोराला आबा काय करायचे, विचार. विचार की. काठी कुणाच्या पाठीवर मोडली होती?"

आबांनी नजर खाली घेतली.

"न लिहिण्याचं कौतुक पुरे झालं आता," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "शिंपीणबाई आठवते का कुणाला?"

(आतल्या खोलीचं दार बंद आहे.)

*

या घरात शिंपीणबाईचं नाव काढत नाहीत. पिटूला ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको. नवरा मारायचा. ती चौकीवर यायची. आबा तिला पाणी द्यायचे, डोक्यावर पदर नीट घे म्हणायचे, हाताला धरून घरी पोचवायचे, नवऱ्याची गचांडी धरून दम द्यायचे. मिटलं. पुन्हा यायची. पुन्हा मिटलं. कुठे काही लिहायचं नाही. लिहिलं की घर मोडतं. आत्याचे लहानपणचे सगळे फ्रॉक तिनं शिवलेले होते.

मग एक दिवस आग लागली आणि ती गेली, आणि शिंप्याच्या विरुद्ध एक कागदसुद्धा सापडला नाही, कारण तिथे कधी काही घडलंच नव्हतं.

*

आत्यानं गुडघ्याला लावलेली पाठ सावकाश काढून घेतली. उठली मात्र नाही. बाप आणि मुलगी यांच्यात एक वीतभर जागा झाली, आणि ती जागा खोलीतल्या सगळ्यांना दिसली.

"तिची चाल," आबा म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "ती पाऊल उचलून टाकायची. आवाज होऊ नये म्हणून. पुढे पुढे माझ्या चौकीत येतानासुद्धा तशीच यायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"मी तुम्हाला लागावं म्हणून नाही बोललो," बाबा म्हणाले.

"लागावं म्हणूनच बोललास. बोल. खरं आहे." आबांनी मान हलवली. "तिच्या वेळी तुमचा कॅमेरा हवा होता. आणि ह्याच्या वेळी आमचं बाकडं हवं होतं. उलटं झालं बघ सगळं."

पिटूच्या आईनं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या. मग ती बोलली, आणि भल्यासाठीच बोलली. "पण मी म्हणते, तो व्हिडिओ मुळात असा सगळ्यांच्या फोनवर टाकायचाच कशाला? कुणाची तरी मुलं असतात. कोण बसतं तिथे हे करायला?"

बाबांनी पिटूकडे पाहिलं. पाहायला नको होतं. एक क्षणच पाहिलं, पण या घरात सगळेच पोलिसांची माणसं. नजर कुठून कुठे गेली ते सगळ्यांनी टिपलं.

"तू?" आत्या म्हणाली.

"आत्या—"

"पिटू, तू कापलास तो?"

"तिचं काम होतं ते," बाबा म्हणाले.

"तुला नाही विचारलं दादा. पिटू?"

"मी ओळखला नाही गं." पिटूला आपला आवाज लहान मुलीसारखा ऐकू आला. "खरंच. तोंड झाकलेलं होतं."

"तोंड झाकलेलं होतं." आत्यानं तेच शब्द हळूच परत म्हटले. "सुट्ट्या लागल्या की एका पांघरुणात झोपायचात दोघं. तू त्याला सायकल शिकवलीस. तो पडायचा आणि तू मागून पळायचीस. मागून, पिटू. त्याची पाठ तुझ्याएवढी कुणी बघितली आहे?"

परवापासून पिटूही स्वतःला हेच विचारत होती. तो तुकडा तिनं पुन्हा लावून पाहिला होता, ड्यूटी संपल्यावर, बाकीचे गेल्यावर. आता तर पहिल्या पावलातच कळत होतं. घासणारी टाच, डावीकडे झुकलेली मान, पळतानाचा तो बावळट उजवा हात. हे सगळं त्या दिवशीही तिथेच होतं. तिनं चेहरा शोधला. तिला चेहरा शोधायला शिकवलं होतं, आणि तो नाही म्हटल्यावर तिच्या दृष्टीनं तिथे माणूसच नव्हता. ओळखलं असतं तर काय केलं असतं? कापला नसता? त्याचंही उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण निदान प्रश्न तरी पडला असता.

"पोरीला बोलू नकोस," आबा म्हणाले. "ती इतक्या माणसांकडे बघते. मी एका गल्लीकडे बघायचो."

"तुम्ही तिची बाजू घ्या आता."

"बाजू नाही घेत. आणला कुणी त्याला? मी आणला. तिनं नुसता फोटो लावला, हात मी धरला."

(आतल्या खोलीचं दार उघडलं.)

*

भोंगा दारात उभा राहिला. अंगात मामाचा सदरा, खांद्यावर ढगळ. दाढी वाढलेली. सगळे एकदम आवरून बसले, आजारी माणसासमोर बसतात तसे.

"तुम्ही सगळे इतक्या मोठ्यानं बोलताय," तो म्हणाला, "आणि मला म्हणता भोंगा."

आत्याला हसू आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. पुढे ते हसू राहिलं नाही.

भोंगा येऊन मामांसमोर उभा राहिला. "मामा, एक विचारू? चौकात तू होतास?"

"होतो."

"रांगेत?"

"रांगेत. डावीकडे. दुकानांच्या अंगाला."

"मी डावीकडेच होतो."

"हो. मागाहून कळलं."

"मला कुणीच दिसलं नाही रे. नुसत्या काचा. आरशासारख्या. एका काचेत मीच दिसत होतो, फडकं बांधलेला. काय झालं कुणास ठाऊक, त्या काचेचाच राग आला." तो थांबला. "तू टोपी घालून उभा असतास तर, आईशप्पथ, मी हात जोडून म्हटलं असतं, मामा, जाऊ दे ना आम्हाला."

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "माझ्यासमोर पण सगळी फडकीच होती," ते म्हणाले. "एकानं जरी काढलं असतं ना."

"तू काढलं असतंस हेल्मेट?"

"नाही. काढता येत नाही."

"मग झालं."

दोघं एकमेकांसमोर तसेच उभे राहिले. पिटूला वाटलं, आता बाबा त्याला जवळ घेतील. बाबांचा हात वर गेलाही, पण त्यांनी भोंग्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि हात खाली घेतला.

"मी कबूल म्हणणार आहे," भोंगा म्हणाला.

"वेडा आहेस का तू?" आत्या ताडकन उठली. "आयुष्य जाईल! इंजिन—"

"इंजिन गेलंच आई. आबा खरं बोलले तरी गेलं, खोटं बोलले आणि पकडले गेले तरी गेलं. मग त्यांना पिंजऱ्यात कशाला उभं करायचं? तो सरकारी वकील त्यांना विचारणार, आजोबा, किती बोटं दिसतात सांगा. आणि आबा मुद्दाम चुकीची सांगणार. मला नाही बघवणार ते."

"मी सांगेन की रे," आबा म्हणाले. "हवी तितकी सांगेन."

"माहितीये सांगाल. म्हणूनच नको."

आबा खुर्चीतून उठायला गेले. गुडघ्यानं साथ दिली नाही, अर्धवट उठून परत बसले. भोंगा त्यांच्याकडे गेला नाही. जिथे होता तिथूनच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच ऐकणाऱ्यांना जड गेलं:

"तासाभरात परत येऊ म्हणाला होतात."

"मलाही तसंच वाटलं होतं रे," आबा म्हणाले.

"ठाऊक आहे मला. तुम्हाला खरंच वाटत होतं. नाहीतर मी आलोच नसतो."

*

मग जे होतं तेच उरलं. उद्या कोणत्या कपड्यांत जायचं. शर्टाला इस्त्री. वकीलबाईंना फोन, त्या चिडल्या, मग म्हणाल्या, कबूल केलं तर शिक्षा कमी होईल, तसं मी मांडते. शिक्षा कमी होईल, हे ऐकून आत्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं म्हणून ती रडली. पिटूच्या आईनं तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथून नळाचा आवाज येत राहिला. बाबा भोंग्याला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, अधूनमधून, जास्त करून मामांचं.

स्वयंपाकघरात जाताना आत्या दाराशी थांबली होती. आबांकडे न बघता म्हणाली होती, "उद्या तुम्ही नका येऊ, आबा. तुम्हाला बघितलं की त्याला... तुम्ही घरीच थांबा."

"बरं," आबा म्हणाले होते.

आता बाहेरच्या खोलीत दोघंच होती. उन्हं कोचाच्या पायापर्यंत आली होती.

"पिटू," आबांनी हाक मारली. "इकडे ये. मला सांग, उद्या काय काय होईल. पहिल्यापासून सांग."

ती खिडकीतून उतरली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली. सांगायला लागली. फाटकाशी नाव विचारतील. फोन काढून घेतील. एका यंत्रातून चालत जावं लागतं. मग हाताचा पंजा काचेवर ठेवायचा.

"शाई?"

"शाई नसते आता. नुसता उजेड."

"बरं. मग?"

"मग एका खोलीत बसवतात. नंबर आला की आत नेतात."

"खोली कशी आहे?"

"पांढरी. खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या. एकेक, लांब लांब."

आबांनी डोळे मिटले. नवा रंगरूट नकाशा पाठ करतो तसे ते ऐकत होते. कुठे दार, कुठे वळण, कुठे कोण उभा. पिटूला वाटलं, हे उद्या घरी बसूनसुद्धा त्याच्याबरोबर पावलापावलानं जाणार आहेत.

"भीती वाटली की तो बोलत नाही," आबा म्हणाले. "पाय हलवत बसतो. लहानपणापासूनच. परवा मी शेजारी होतो, गुडघ्यावर हात ठेवला, थांबला. मग त्यांनी मला म्हटलं, काका, तुमचं झालं, तुम्ही या आता. मी बाहेर आलो. काचेतून दिसत होता. पाय हलतच होता."

पिटू जरा पुढे सरकली.

"उद्या त्या खोलीत," आबांनी विचारलं, "त्याच्याजवळ कोण बसतं?"

त्या खोलीत कुणी बसत नाही. नियमच तसा. कोपऱ्यात छताला एक काळा घुमट आहे आणि त्यातलं चित्र ज्या भिंतीवर येतं त्या भिंतीसमोर उद्या सकाळी पिटूची ड्यूटी होती. तिला तो दिसेल. पाय हलताना दिसेल. आवाज येत नाही.

"मी बसेन," ती म्हणाली.

आयुष्यभर आबांनी माणसांचं खोटं ऐकलं होतं, दारुड्यांचं, चोरांचं, मार खाल्लेल्या बायकांचं, साहेबांचं. त्यांनी डोळे उघडून नातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बस हं," ते म्हणाले. "अगदी जवळ बस."